आडवी ठेवलेली बाटली

"घ्या, तुम्हीच वास घ्या," घड्याळजी म्हणाला आणि त्याने प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण काढून ती थेट टेबलामागच्या तपासनिसाच्या नाकाखाली धरली. पाण्याच्या प्रयोगशाळेत तक्रार घेऊन येणारी माणसं खालच्या खिडकीपाशी अर्ज देऊन परत जात. वर, नमुन्यांच्या टेबलापर्यंत, कुणी येत नसे. हा आला होता. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, असं त्याने आल्याआल्या सांगून टाकलं होतं, जणू तेवढ्याने त्याचं पुढचं सगळं म्हणणं खरं ठरणार होतं. भिंग लावून लावून त्याच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ कायमचा उमटला होता. तपासनिसाला समोरची बाटली हातात घेणं भाग होतं. त्याने ती रीतीप्रमाणे एकदा हलवली, डोळे मिटले, श्वास आत ओढला. गार हवा आत गेली. नुसती हवा. बाटली जरा दूर नेऊन त्याने पुन्हा हुंगलं, कपाळाला आठी घातली, मान हलवली. सगळं बरोबर केलं. "काही नाही," तो म्हणाला. "काही नाही?" "स्वच्छ आहे पाणी." घड्याळजी आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "साहेब, माझी बायको दोन महिने अंथरुणावर आहे. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी पाजा. ती एक घोट तोंडात घेते आणि थुंकून टाकते. उकळून दिलं तरी तेच. मला वास येतो, शेजारणीला येतो, तिच्या पोराटोरांना येतो. आणि तुम्ही म्हणता काही नाही. थट्टा करताय का माझी?" पलीकडच्या टेबलावर जंतूंच्या बश्या मोजत बसलेल्या धाकट्या बाईंनी मान वर केली. घड्याळजीने एक हात हवेत उडवला आणि बाटली तिथेच टाकून तो जिना उतरून गेला. धाकट्या बाई उठून इकडे येतील, बाटलीला नाक लावतील, या धास्तीने त्याने पाचच मिनिटांत ती आपल्या पिशवीत, डब्याच्या मागे, सरकवून दिली.

आठ महिने झाले होते. साधं पडसं. चार दिवस नाक चोंदलं, पाचव्या दिवशी मोकळं झालं, आणि त्या मोकळ्या नाकातून आत काही येईनाच. आधी वाटलं, घरात साबण बदलला असेल. मग वाटलं, चहाची पत्ती जुनी झाली असेल. एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं, धुराने स्वयंपाकघर निळं झालं, आणि तो तिथेच पेपर वाचत बसला होता. बायको अंघोळ अर्धी टाकून धावत आली. "अहो, नाक आहे की नाही तुम्हाला?" ती सहज बोलून गेली. दुसऱ्या भागातला, ओळखीचा नसलेला डॉक्टर त्याने गाठला. डॉक्टरने नाकात दिवा घातला, कागदावर नसांचं चित्र काढलं आणि सांगितलं, परत येईल कदाचित, सहा महिन्यांत, वर्षात, कदाचित नाहीच. "डोळे, कान शाबूत आहेत ना? मग कशाला एवढं मनावर घेता?" त्या माणसाला तरी काय ठाऊक की प्रयोगशाळेत आपल्याला नावाने कुणी हाक मारत नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे पाठीमागे, आणि बरेचदा तोंडावरही, त्याला 'नाक' म्हणत. नाकाला विचारा. नाक सुटीवर आहे का? नाकाने सही केली म्हणजे झालं. यंत्रं आली, काचेच्या नळ्यांतल्या पाण्याचे आकडे टाइप होऊन बाहेर पडू लागले, तरी पाणी प्यायच्या लायक असूनही माणसाला नको वाटेल की नाही, हे शेवटी कुणीतरी हुंगूनच सांगावं लागे. ते गेली एकोणतीस वर्षं तो सांगत होता. निवृत्तीला एक वर्ष आणि दोन महिने उरले होते. रोज बारा फ्लास्क साठ अंशांवर गरम करायचे, बूच काढायचं, हुंगायचं, लिहायचं. पाणी बहुतेक दिवस चांगलंच असतं, असं तो स्वतःला बजावत असे. बहुतेक दिवस, या शब्दांवर पाय घसरे.

त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुख, थोरल्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज ऐंशीव्या वर्षीही तसाच, फळ्यावर खडू मोडल्यासारखा. "कितवं वर्ष आहे हे?" त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं. त्याला लगेच कळलं, तरी त्याने "कशाचं, बाई?" असं म्हणून पाहिलं. "वेड पांघरू नकोस. वीस झाली. रविवारी दुपारी येते. शुक्रवारपासून उभी करून ठेव, साका खाली बसायला दोन दिवस हवेत. आणि हो, त्या दिवशी घरात काही तळू-परतू नका म्हणावं, आणि कुणी अत्तर फासायचं नाही." फोन ठेवल्यावरही तो तसाच उभा राहिला. बायकोने विचारलं कोण, तो म्हणाला, थोरल्या बाई, बाटली उघडायला येतायत. "अगं बाई!" ती म्हणाली, "म्हणजे ती खरंच उघडायची होती?"

ती बाटली मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, अगदी तळाशी, जुन्या लोकरी पांघरुणांच्या घडीत आडवी पडलेली होती. थोरल्या बाई प्रमुखपदाच्या अखेरच्या वर्षी कुठल्याशा परदेशात तीन आठवडे शिकायला गेल्या होत्या. तिथल्या पाणीखात्यातल्या एका म्हाताऱ्याच्या घरचे द्राक्षांचे मळे होते. त्याने निघताना त्यांना एकाच सालच्या तांबड्या वाइनच्या दोन बाटल्या दिल्या. एक त्यांनी तिथेच उघडून प्यायली. झाडाची ओली साल चावावी तशी तुरट, त्या सांगत, जीभ गालाला चिकटून बसली. तो म्हातारा हसला आणि म्हणाला, ही अजून अंगात आलेलं पोर आहे, दुसरी वीस वर्षं मुरू दे, मग ती बोलायला लागेल. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती दुसरी बाटली सगळ्यांदेखत त्याच्या हातात ठेवली. "माझं घर वरच्या मजल्यावर, भट्टी नुसती. तुझं तळमजल्याला, उत्तरेचं. आणि तुझ्याकडे धीर आहे." हे शेवटचं वाक्य त्याला त्या दिवशी केवढं मोठं वाटलं होतं. मग त्यांनी कागदावर लिहून दिलं: आडवी ठेवायची, म्हणजे बूच आतून ओलं राहतं; उजेड नको, हादरा नको, चुलीची धग नको; उघडायच्या आधी दोन दिवस उभी; बूच म्हातारं झालेलं असेल, घाई केलीस तर भुगा होईल; ओतताना मानेखाली दिवा धर, साका मानेशी आला की थांब; तरुण वाइनला तासतास वारा द्यावा लागतो, म्हातारीला नको, ती अर्ध्या तासात सगळं बोलून गप्प होते; ग्लास तिसरा हिस्साच भर, वरची मोकळी जागा नाकासाठी असते. शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. आधी नाक, मग जीभ.

वीस वर्षांत त्याने दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ती बाटली टेम्पोत न घालता मांडीवर घेऊन, टॅक्सीवाल्याला दर वळणावर "हळू, हळू" सांगत नेली. मुलीचा निकाल लागला तेव्हा बायको म्हणाली, काढा आता, याहून चांगला दिवस कुठला. तो म्हणाला, अकराच वर्षं झालीत. मेहुणा एकदा जेवायला आला, बाटली हातात घेऊन उलटीपालटी करू लागला, "दाजी, ही पोर वयात आली, आता लग्न लावून टाका हिचं," म्हणून खदखदा हसला, आणि याने ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. बायको आठवडाभर बोलली नाही. बढतीच्या वेळी साहेबाने मधल्यामध्ये दुसऱ्यालाच वर नेलं, त्या संध्याकाळी मात्र कपाट उघडून तो बराच वेळ तिथे उकिडवा बसला होता. उघडावी आणि एकट्याने संपवावी. पण मग धीर गेला असता, आणि धीर गेला की त्याच्याकडे नाक सोडून काय उरणार होतं? तेव्हा नाक होतं. थोरल्या बाईंनी सहा महिने रोज सकाळी पाच फ्लास्क पुढ्यात ठेवून ते घडवलं होतं. "नुसतं वाईट म्हणू नकोस. नाव दे. नाव दिलं नाहीस तर वास निसटून जातो." मातकट आणि कुबट एक नव्हे, हे त्याला त्यांनी शिकवलं: मातकट म्हणजे उघड्यावरचं, नांगरलेलं, कुबट म्हणजे बंद दाराआडचं, ओल्या पुठ्ठ्याचं, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीचं. तो एवढा तयार झाला होता की जिन्यात पाऊल टाकताच सांगे, आज धाकट्या बाईंनी डब्यात काय आणलंय. संध्याकाळी घरी आला की बायकोच्या मागे उभा राहून तिच्या मानेशी नाक नेई आणि ती दिवसभर कुठे कुठे गेली ते ओळखून दाखवी: बँक, भाजी, शिंप्याचं दुकान. "चोरून काही करायची सोय नाही या घरात," ती म्हणे आणि मान जराशी तिरपी करून उभी राही. गेल्या आठ महिन्यांत तो एकदाही तिच्या मागे जाऊन उभा राहिला नव्हता. कशासाठी राहणार?

शुक्रवारी त्याने बाटली उभी केली. काचेतून काही दिसत नव्हतं, नुसता काळोख. वीस वर्षं जपलं ते नेमकं ज्या वर्षी तयार झालं, त्याच वर्षी ते घ्यायचं दार बंद झालं होतं. यात कुणाचा दोष काढावा तेही कळत नव्हतं. पडशाचा? बाईंचा? त्यांनी अठरा म्हटलं असतं तर? त्या मळेवाल्या म्हाताऱ्याने, कधी न पाहिलेल्या त्या माणसाने, उगाच वीस हा गोल आकडा सांगितला असेल, तोंडाला येईल तो, आणि त्यापायी इथे एकाने आयुष्याचा एक आख्खा तुकडा आडवा निजवून ठेवला. त्याला तळपायापासून चीड आली. कुणालातरी सांगावं असं वाटून तो स्वयंपाकघरात गेला. बायको डबे पुसत होती. "काय?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. अलीकडे दिवसातून कितीदा तो हे दोन शब्द बोलत होता. परत येऊन त्याने ठरवलं, तोंडपाठ करायचं. म्हाताऱ्या तांबड्या वाइनला कसले वास येतात हे थोरल्या बाईंनी इतक्यांदा सांगितलं होतं: सुकवलेल्या आलुबुखारांचा, जुन्या चामड्याचा, तंबाखूच्या रिकाम्या डबीचा, पायाखाली चुरलेल्या वाळक्या पानांचा. शनिवारभर तो हे शब्द मनात घोळवत होता. चामड्याचा वास कसा असतो ते आठवायला त्याने कपाटातला पट्टा काढून नाकाला लावला. थंड, गुळगुळीत. शब्द होता, त्याच्यामागे काही नव्हतं. रिकाम्या घराच्या दारावर नावाची पाटी तेवढी राहावी तसा.

रविवारी थोरल्या बाई काठी टेकत आल्या. बरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन ग्लास आणले होते, पातळ काचेचे, पोटाला फुगीर आणि तोंडाशी निमुळते. "तुझ्याकडे नसणार म्हणून," त्या म्हणाल्या, आणि खरंच नव्हते. त्यांनी खोलीत उभं राहून हवा हुंगली, बायकोकडे पाहून समाधानाने मान हलवली. बाटली पाहिली, तिला हात लावून पाहिला. "किंचित गार हवी, पण चालेल." बूच काढायचं काम त्यांनी त्याला दिलं. स्क्रू हळूहळू आत गेला, बूच वर सरकताना मध्येच करकरलं, सगळ्यांनी श्वास रोखला, पण ते अखंड निघालं, खालचं टोक काळसर जांभळं. त्याने नवा आणलेला फ्लास्क पुढे केला, मुद्दाम प्रयोगशाळेतलाच, आणि बाई मोठ्याने हसल्या. बायकोने मानेखाली टॉर्च धरला. तो ओतू लागला. हात अजून पक्का होता, एवढं तरी होतं. उजेडातून तांबडी, मग विटेसारखी, कडेला जवळजवळ तपकिरी धार उतरत होती, आणि मग मानेच्या आत काळी बारीक रेती सरपटत येताना दिसली. "थांब," बाई म्हणाल्या, पण तो आधीच थांबला होता. तीन ग्लासांत तिसरा हिस्सा. बाईंनी आपला ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहिला, "अहाहा," म्हणाल्या, ग्लास नाकाशी नेला आणि क्षणभर तशाच राहिल्या. मग ग्लास खाली ठेवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "तू सांग आधी," त्या म्हणाल्या. "सांभाळलीस तू."

त्याने दांडा चिमटीत धरून ग्लास गोल फिरवला. डोळे मिटले. हवा आत गेली. "आलुबुखार," तो म्हणाला. "सुकवलेले. आणि चामडं, जुनं. मागाहून... तंबाखूची डबी." कुणी अडवलं नाही, म्हणून तो पुढे गेला, पुढे जाणं सोपंही वाटू लागलं. "वाळकी पानं. बाई, मुरलीय हो. वीस म्हणजे वीसच." डोळे उघडले तेव्हा थोरल्या बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या, त्या बायकोकडे वळल्या होत्या. "तुम्ही घ्या बरं वास. काय वाटेल ते सांगा, लाजू नका." बायकोने ग्लास दोन्ही हातांनी धरला, नाक आत घातलं आणि झटकन मागे घेतलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पण... बेसिनखाली नळ गळून पुठ्ठ्याचं खोकं भिजलं होतं ना मागे? तस्सा येतोय. हे असंच असतं का?" "नाही," बाई म्हणाल्या. "असं नसतं. बुचाला लागलेली बुरशीची कीड आहे ती. बाटली भरली त्या दिवसापासून आत आहे. पहिल्या दिवशी उघडली असती तरी हेच निघालं असतं." मग त्यांनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"आठ महिने," तो म्हणाला. बायको उठून उभी राहिली, परत बसली. थोरल्या बाईंनी पुढचं विचारायला वेळ लावला नाही. "आणि पाणी?" त्याने ग्लासचा दांडा बोटांत फिरवला. "बारा फ्लास्क रोज. कोण हुंगतंय ते?" "मीच." "मी तुला कुबट शिकवलं," बाई म्हणाल्या, "पाचशे वेळा शिकवलं, आणि तू माझ्या तोंडावर मला आलुबुखार सांगतोस? तिथलं पाणी तर लोकांच्या घरात जातंय." तेव्हा त्याच्या आतलं काहीतरी फुटलं. तो एवढ्या मोठ्याने बोलला की स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "मग काय करायचं होतं मी? नाक म्हणतात मला तिथे, नाक! नाक गेलं असं सांगून घरी बसायचं? वीस वर्षं, बाई! तुम्ही म्हणालात धीर आहे तुझ्याकडे, आणि मी धीरच धरत बसलो. पोरीच्या निकालाला उघडली नाही. मेहुण्याशी वाकडं घेतलं. कपाटापुढे उकिडवा बसलो, पण उघडली नाही. आणि ही आतून पहिल्या दिवसापासून सडकी! सांगा ना, कशासाठी?" "मला काय माहीत बूच नासकं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला. "बाहेरून कळत नाही ते कुणालाच. बुचाचा दोष तुझा नाही. माझाही नाही. पण ते दुसरं तुझं आहे." मग तो उठला, दाराशी टांगलेल्या पिशवीतून घड्याळजीची बाटली काढून त्याने त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, आजारी बायको, थुंकलेला घोट, शेजारीण. थोरल्या बाईंनी झाकण काढलं. एकदाच हुंगलं. "हा घे," त्या म्हणाल्या, "हा त्या बुचाच्या कुबट वासाचा सख्खा भाऊ. पाइपात कुठेतरी आहे. यात मरत नाही कुणी. पण तहानलेलं माणूस पाणी थुंकतं, ते काय कमी झालं?" मग त्या ग्लास रिकामे करून न धुताच पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या, मग एक तसाच टेबलावर सोडला. "हा राहू दे," म्हणाल्या. दारात त्यांनी बायकोच्या दंडावर हात ठेवला, आणि काठीचा आवाज बोळातून लांब जात राहिला.

बायको फ्लास्क उचलून बेसिनकडे निघाली. "थांब," तो म्हणाला. "अहो, नासलीय ती." "तुझ्यासाठी नासलीय." त्याने उरलेला ग्लास भरला, या वेळी काठोकाठ, आणि नाकाला फाटा देऊन सरळ जिभेवर घेतला. आंबट, पण कच्चं आंबट नव्हे, बोथट झालेलं. आणि मग तो तुरटपणा, ज्याने बाईंची जीभ गालाला चिकटली होती, तो आता जिभेवरून जाताना ओरबाडत नव्हता. हजार वेळा हात फिरून गुळगुळीत झालेल्या लाकडी कठड्यासारखा तो नुसता सरकत गेला. पोटात ऊब उतरली. वीस वर्षांनी आपलं काम केलेलं होतं, चोख केलेलं होतं, त्या किडीच्या खाली. आणि ते कळू शकेल असा या घरात, कदाचित सगळ्या गावात, आज तो एकटाच होता, ज्याला वरची कीड कळत नव्हती. याचा आनंद व्हावा की काय व्हावं? त्याला झाला तो संतापच, पण संथ, दिवसभरातला पहिला असा संताप ज्यात तो नीट बसू शकला. बायको समोर येऊन बसली होती. "मला वाटलं," ती म्हणाली, "मलाच काहीतरी झालं. वय झालं म्हणून अंगाला वास येत असेल. म्हणून तुम्ही जवळ येत नाही. मी साबण बदलला तीनदा." त्याने ग्लास खाली ठेवला. तीनदा. आणि त्याला एकही कळला नव्हता. "सांगायचंत तरी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, चांगला साचलेला. "जेवण कसं झालंय विचारलं की छान म्हणत होतात. आठ महिने. मी काय खुळी म्हणून विचारत होते?" तिने हात पुढे करून त्याचा ग्लास घेतला, नाक चिमटीत घट्ट धरलं आणि एक मोठा घोट घेतला. "हं," ती नाकातून म्हणाली. "बरी आहे की."

सोमवारी तो साहेबाच्या खोलीत गेला. साहेब त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, टेबलावर नेहमी एक झाड ठेवणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावून घेतलं, परत येऊन बसला. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत," तो म्हणाला, "आणि मी ऐकलं नाही." "सांगितलं की आत्ता." "अहो, जरा विचार करा. आठ महिन्यांचे दाखले बाहेर गेलेत. तुम्ही आज तोंड उघडलंत की सगळे खोटे. पेपरवाले येतील, वरून चौकशी लागेल. कशासाठी? वर्ष राहिलंय तुमचं. धाकट्या बाईंना सांगतो, त्या हुंगतील गुपचूप. सही तुम्ही करत जा." "आणि झालेले?" "झालेले झाले. कुणी मेलंय का?" त्याला थोरल्या बाईंचं वाक्य आठवलं, पण ते या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं, ते इथल्या गालिच्यावर पडून तसंच राहिलं असतं. "घड्याळजीच्या गल्लीतला पाइप?" त्याने विचारलं. "अर्ज येऊ दे रीतसर, बघू," साहेब म्हणाला आणि झाडाच्या पानावरची धूळ बोटाने पुसू लागला. म्हणजे खरं बोलायला सुद्धा इथे जागा नव्हती. खोटं बोलताना आठ महिने कुणी अडवलं नव्हतं.

तो टेबलाशी आला. घड्याळजीची बाटली त्याने धाकट्या बाईंच्या पुढ्यात ठेवली. "वास घ्या," तो म्हणाला, "आणि जे येईल ते तुमच्या नावाने लिहा." त्यांनी घेतला, त्याच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही आणि कोरा अर्ज पुढे ओढला. मग त्याने कपाटातून वासाची नोंदवही काढली. जाड पुठ्ठ्याची, उभ्या रकान्यांची. तारीख, टाकीचा क्रमांक, तापमान, आणि शेवटच्या रकान्यात त्याच्या गोल, सुवाच्य अक्षरात पानामागून पान एकच मजकूर: वास येत नाही. वास येत नाही. वास येत नाही. खाली त्याची सही. तो पानं मागे उलटत गेला, पडसं झालं त्या आठवड्यापर्यंत. ती तारीख सापडली. त्याने लाल पेन घेतलं, आणि पहिल्या ओळीत, त्या तीन शब्दांच्या आधी उरलेल्या चिमूटभर जागेत, बारीक अक्षरात एक शब्द लिहिला: मला. दुरुस्तीच्या नियमाप्रमाणे बाजूला आजची तारीख घातली, आद्याक्षरं केली. मग दुसरी ओळ. मग तिसरी. रोजच्या बारा. हात भरून आला की तो बोटं मोडून पुन्हा सुरू करी. दुपारच्या सुमारास साहेब बाहेर आला, त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि "अहो, काय करताय काय तुम्ही!" म्हणून ओरडला, जंतूंच्या खोलीतला शिपाईदेखील दाराशी येऊन उभा राहिला. "दुरुस्ती," तो मान वर न करता म्हणाला. अजून सात महिन्यांच्या नोंदी बाकी होत्या. त्याने पान उलटलं.